कार्डावरचं एक मूल

माझ्या धाकट्या भावाने मला फसवलं. त्याच्या बायकोने त्याला साथ दिली. आठ वर्षं दोघं गप्प बसली आणि त्या आठ वर्षांत माझी मुलगी आतून पोखरत गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कल्याण, शहाड, ठाणे याविषयी जे लिहीन ते कुठल्या डोळ्यांनी पाहिलंय हे वाचणाऱ्याला कळेल. नावं बदलली आहेत. राग बदललेला नाही.

चिपळुणात माझं भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात केली ती डोक्यावर पाटी घेऊन, जुन्या साड्यांवर भांडी द्यायची. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला. मूल नव्हतं. भाऊ अनंता उल्हासनगरात जीन्स शिवायच्या कारखान्यात लागला, विठ्ठलवाडीला राहिला. त्याला एक मुलगा झाला, मग मुलगी झाली. ती सात महिन्यांची असताना त्याने आणि सुनंदाने, म्हणजे माझ्या भावजयीने, गावच्या देवळात तिला माझ्या ओटीत घातलं. ती सानिका. मला आई म्हणते, अनंताला मामा.

सानिका आता दहा वर्षांची आहे आणि सहाची दिसते. कान वाहतो तो थांबत नाही. कानाच्या पुढे दोन्ही गाल कायम सुजलेले, जसा काही तोंडात लाडू धरलाय. ताप जातो आणि येतो. चार डॉक्टर झाले. प्रत्येकाने तिचा कान पाहिला, छाती पाहिली, बाहेरचं खायला देऊ नका म्हणून मला सांगितलं. हिचे आईवडील कसे आहेत, असं एकाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ही काय, मी समोर उभी आहे.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. सुनंदाचा फोन आला.

"वन्सं, सानूचं रक्त तपासायला पाहिजे."

"कशासाठी?"

"आम्हा दोघांना आहे."

"काय आहे?"

तिने सांगितलं. एचआयव्ही. आठ वर्षांपासून. दोघंही कल्याणच्या केंद्रातून औषध घेतात, बरी आहेत. मी फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला कुकर दाखवला. शिट्टीसकट विकला. त्यानंतर दुकानाचं शटर ओढलं.

ही तपासणी चिपळुणातही होते, फुकट होते. पण तिथल्या नर्सबाई माझ्याकडून डबे नेतात. म्हणून मी सानिकाला म्हटलं, "मामाकडे जायचंय," आणि पिशवी भरली. पिशवीत दुकानातली दोन ताटं, दोन पेले, दोन वाट्या घातल्या. त्यांच्या घरात त्यांच्या भांड्यात आम्ही जेवणार नव्हतो. मूर्खपणा होता, आता कळतं. तेव्हा तो मला सावधपणा वाटला.

कल्याण

एसटीत सानिका माझ्या मांडीवर झोपली. कंडक्टर म्हणाला, "पाचच्या आतली आहे ना? मग तिकीट नको." आयुष्यात मी अशी संधी सोडलेली नाही. त्या दिवशी त्याच्यावर खेकसले, "दहा पूर्ण झालीत तिला! फाडा तिकीट!" तो बिचारा घाबरून मागे सरकला. सगळी एसटी माझ्याकडे बघायला लागली.

कल्याणला उतरल्यावर रिक्षावाल्याशी भांडले. तो म्हणाला, "मावशी, शेअरमध्ये बसा ना, तीन सीट भरल्या की निघतो." आमच्याकडे रिक्षावाला आधी कुठल्या वाडीचे, कुणाच्या घरचे, ते विचारतो आणि मग बसवतो. इथे माणूस म्हणजे सीट. पहिल्यांदा राग आला, मग बरं वाटलं. सीटला कुणी काही विचारत नाही.

केंद्राच्या बाकावर सुनंदा आधीच येऊन बसली होती. माझ्याकडे न बघता तिने सानिकाला जवळ ओढलं आणि पिशवीतून चिक्की दिली. मी तिच्या हातून चिक्की काढून घेणार होते. सानिकाने तोपर्यंत ती तोंडात टाकली होती.

चिपळूणच्या दवाखान्यात रांगेतली बाई शेजारणीला पहिलं विचारते, "तुला काय झालंय गो?" आणि उत्तर मिळेपर्यंत सोडत नाही. इथे पंचवीस माणसं बसली होती, एकही दुसऱ्याकडे बघत नव्हतं. एक बाई मोबाइलवर पाककृती बघत होती. एक म्हातारा नातवाला उगाच पाढे म्हणायला लावत होता. कुणी कुणाला विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना एकमेकांचं माहीत होतं. एवढ्या माणसांत इतकं एकटं मी कधी बसले नव्हते, नवरा गेला त्या दिवशीसुद्धा.

समुपदेशक मॅडम तिशीच्या आतल्या होत्या, डोंबिवलीच्या. सानिकाला म्हणाल्या, "काय गं, शाळेत काय आवडतं?"

"मधली सुट्टी," सानिका म्हणाली.

मॅडम हसल्या. रक्त घेतलं. सानिका रडली नाही. तिला सुयांची सवय आहे.

तास-दीड तासाने मॅडमनी सानिकाला बाहेर सुनंदाजवळ बसवलं, मला आत घेतलं आणि दार लावलं. दार लावलं तेव्हाच मला कळलं. चांगला भाव सांगायला कुणी दार लावत नाही.

"तीन वेगवेगळ्या तपासण्या केल्या, ताई. तिन्हींत आहे."

मग त्या बोलत राहिल्या. औषध आहे, रोज घ्यायचं, चुकवायचं नाही, मूल वाढतं, शाळेत जातं, मोठं होतं, लग्न करतं. एका ताटात जेवल्याने, कुशीत घेतल्याने काही होत नाही. मी ऐकत नव्हते. मी टेबलावर हात आपटला.

"आठ वर्षं हिचे आईबाप इथून औषध नेतायत! आठ वर्षं तुम्ही लोक काय करत होता? त्यांच्या पोरांचं रक्त तपासायचं कुणाला सुचलं नाही?"

मॅडम रागावल्या नाहीत. दार उघडून त्यांनी सुनंदाला विचारलं, "तुमचं कार्ड यांना दाखवू?" सुनंदाने मान हलवली. केंद्रात राहणारं ते पांढरं कार्ड त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. त्यात घरच्या माणसांसाठी रकाने होते. मुलं: एक. मुलगा. तपासला. नाही. खाली दरवर्षीची नोंद, निरनिराळ्या अक्षरांत, निरनिराळ्या शाईत. मुलं: एक. मुलं: एक.

"हे कुणी लिहिलं?"

"त्या त्या वेळी इथे जे होते त्यांनी. मी सहा महिन्यांपूर्वी आले. त्यांनी विचारलं, मुलं किती. यांनी सांगितलं, एक. त्यांनी लिहिलं."

"आणि तुम्ही?"

"मी तसं विचारत नाही. मी विचारते, बाळंतपणं किती झाली? मग एकेक घेते. हे मूल आता कुठंय, ते कुठंय. कुणी गावाला ठेवलेलं असतं, कुणी आश्रमशाळेत, कुणी बहिणीला दिलेलं. ती मुलं घरच्यांच्या मोजणीत नसतात, ताई. सुनंदाताई माझ्याशी अर्धा तास बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, दोन."

मला पहिल्यांदा वाटलं, ह्या मुलीला मी माझ्या दुकानात ठेवीन. काय विचारायचं ते हिला कळतं. लगेच वाटलं, ही आठ वर्षं आधी का नव्हती इथे. जे होते त्यांना पगार नव्हता का?

शहाड

सुनंदा म्हणाली, "घरी चला ना, वन्सं."

मी म्हटलं, "तुझ्या घरी?" एवढंच म्हटलं, पण ज्या सुरात म्हटलं त्यावर ती पुढे बोलली नाही.

शहाड स्टेशनजवळ एका लॉजमध्ये खोली घेतली. खिडकीतून पूल आणि खाली उल्हास नदी दिसत होती. नदीवर जलपर्णी इतकी की पाणी दिसेना, हिरवं शेत वाटावं. सानिका म्हणाली, "आई, यावरून चालता येईल का?"

"बुडशील."

"हलकी आहे मी. तूच म्हणतेस, पिसासारखी."

खालच्या हॉटेलातून पुलाव आणला. दुकानातली दोन ताटं काढली आणि वाढलं. तिच्या ताटावर तिचं नाव कोरलेलं आहे, मीच मशीनने कोरलं होतं. ती नावावरचा भात बोटाने बाजूला करत होती. तिला तो खेळ आवडतो, आधी नाव मोकळं करायचं.

"मामाकडे का नाही गेलो?"

"मामाचं घर लहान आहे."

"आपल्या दुकानाएवढं?"

"जेव."

ती झोपल्यावर मी फोन घेऊन बसले. कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं. चारशेवर नंबर आहेत माझ्याकडे. स्टीलवाला, पितळवाला, टेम्पोवाला, बँकेतला, बचत गटाच्या बायका, नगरसेवक. वरून खाली गेले, खालून वर आले. ज्याला फोन लावून नुसतं रडता येईल असा एक नंबर त्यात नव्हता. होता एक, अनंताचा. फोन उलटा ठेवला.

माजिवडा

पहिला सांगितलेला भाव मी कधी घेत नाही. सकाळी सानिकाला घेऊन ठाण्याला गेले. माजिवड्याच्या चौकाजवळ मुलांचा एक नावाजलेला डॉक्टर बसतो असं कुणी सांगितलं होतं. तो चौक मी पहिल्यांदा पाहिला. रस्त्यावर रस्ता, त्यावर आणखी एक, आणि प्रत्येकावर गाड्या. सानिका मान वर करून म्हणाली, "इथे मांडणीसारखे रस्ते लावलेत." खरंच, भांड्यांची मांडणी.

डॉक्टर म्हातारे होते. सानिकाचे गाल त्यांनी दोन बोटांनी दाबले, मान चाचपली, मग कल्याणचा कागद वाचला.

"बाई, तुम्हाला माझ्याकडून काय ऐकायचंय?"

"तो कागद चुकीचा आहे असं."

"परत तपासतो. दोन तास लागतील. पण ह्या आजारात मुलांचे गाल असे सुजतात, ते बघूनच मी सांगतो, तो कागद बरोबर आहे. औषध तिथूनच घ्या. तिथे फुकट मिळतं आणि चांगलं मिळतं. माझ्याकडे येऊन वेळ घालवू नका."

"याआधी चार डॉक्टरांनी हे गाल बघितले."

त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, "हो. बघितले असतील."

दोन तासांनी रिपोर्ट आला. तोच. मी सानिकाचा हात धरून चालत सुटले. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर एकदम गाव लागलं. बसकी घरं, तुळस, आणि कोपऱ्यावर टोपली घेऊन बसलेली कोळीण. समोर केळीच्या पानावर कोलंबीचे वाटे लावलेले.

"काय पायजे गो? नुसती बघू नको."

"हे काय लावलंस, एवढासा वाटा?"

"सकालधरना बसलेय गो बाय. खारीची हाय, ताजी. तुमची ती बर्फातली नाय."

"आमची वाशिष्ठीची खाडी आहे. मला ताजी शिकवू नकोस. डोकी बघ, काळी पडायला लागली."

"तुजं डोलं कालं पडलं! दे इकरं, हात नको लावू!"

मी हात काढला नाही. तिने भाव खाली आणला, मी आणखी खाली. ती शिव्या देत होती, मी देत होते. दोन दिवसांत पहिल्यांदा माझा श्वास सरळ चालला. शेवटी दोन वाट्यांवर तिसरा तिने फुकट टाकला. पिशवीत भरताना तिची नजर सानिकाकडे गेली.

"पोर का गो अशी सुकलीय?"

नेहमीचं उत्तर तोंडात होतं, 'खात नाही नीट,' पण ते बाहेर पडेना. त्या बाईने मूठभर कोलंबी आणखी टाकली. "रसा पाज तिला," म्हणाली. त्या मुठीसाठी मी घासाघीस केली नव्हती. ती हातात घेताना मला रडू कोसळलं. ओळख ना देख, त्या बाईने टोपलीवर फडकं टाकलं आणि मी गप्प होईस्तोवर माझा दंड धरून बसली.

पिशवी घेऊन दहा पावलं गेले असेन, सानिका म्हणाली, "आई, आपण हे शिजवणार कुठे?"

लॉजमध्ये चूल नव्हती. चूल असलेलं ह्या अख्ख्या मुलखात मला ठाऊक असलेलं घर एकच होतं.

विठ्ठलवाडी

दोन खोल्या. पुढच्या खोलीत जीन्सच्या पँटींचा ढीग. सुनंदा कारखान्यातून पँटी आणून शिलाईचे सुटे दोरे कापते. घरभर निळे दोरे. सानिका आत शिरताच ढिगाजवळ बसली आणि कात्री मागितली. सुनंदाने पिशवीत डोकावून काही न विचारता कोलंबी सोलायला घेतली. मुलगा, ओम, क्लासला गेला होता. अनंता कामावरून आला, दारातच थांबला. त्याची नखं निळी झालेली आहेत, ती आता कायमची. केस अर्धे पांढरे. मला वाटलं होतं की त्याला बघताच मी थोबाडीत देईन.

"ताई," एवढंच तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

मी सुनंदाच्या मागे स्वयंपाकघरात गेले. "आठ वर्षं!" मी म्हटलं. आवाज चढवला नाही, सानिका बाहेर होती. "एक फोन करता आला नाही तुम्हाला?"

सुनंदा माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे. कधी उलट बोललेली नाही. ती खोबरं वाटत होती. वाटता वाटताच बोलली.

"वन्सं, देवळात गाऱ्हाणं कुणी सांगितलं गुरवाला?"

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने म्हणायचा करार. आमच्याकडे गुरव म्हणतो आणि बाकीचे 'होय महाराजा' म्हणतात.

"मी सांगितलं."

"काय सांगितलंत?"

मला आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता, कारण मी आदल्या दिवशी घोकला होता. दिलेला माल परत मागायला येणारी माणसं मी फार पाहिली होती. म्हणून मी एकही फट ठेवली नव्हती. आजपासून ही पोर सुनंदाच्या पोटची नाही. कुणी विचारलं, सरकारने विचारलं, तरी मूल एकच सांगायचं. आणि शब्द मोडला तर...

"शब्द मोडला तर थोरल्याला भोवेल," सुनंदा म्हणाली. "माझ्या पोराचं नाव घातलंत तुम्ही त्यात. मी होय महाराजा म्हटलं. केंद्रात दरवर्षी विचारायचे, मुलं किती. मी एक सांगायची आणि घरी येऊन ओमच्या कपाळाला हात लावून बघायची. ह्या मॅडमनी बाळंतपणं विचारली. त्याचं काही आपलं ठरलं नव्हतं. तरी अर्धा तास लागला मला."

"मला तरी सांगायचं! मला सांगायला कुठे बंदी होती?"

"हे आलेले ना तुमच्याकडे."

तेव्हा मला ते आठवलं. सानिका दोन वर्षांची होती. अनंता एकाएकी चिपळूणला आला होता. गणपती नाही, शिमगा नाही, मधल्याच दिवसांत. मुंबईकडचा माणूस अशा दिवसांत गावी येतो तो काहीतरी मागायलाच येतो, हा माझा अनुभव. तो फार वाळला होता. हातात पिवळा फ्रॉक होता. म्हणाला, "ताई, सानूविषयी बोलायचंय." मला वाटलं, पोर परत मागायला आला. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. म्हटलं, "मामा आहेस, मामासारखा सणाला ये. तिच्याविषयी तुला बोलायचा हक्क नाही." तो म्हणाला, "ताई, ऐक तरी." मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारणी बाहेर आल्या. तो फ्रॉक पायरीवर ठेवून गेला. मी तो जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात टाकला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाहेर अनंता आणि सानिका दोघं पँटीचे दोरे कापत होती. ती त्याला सांगत होती, "मामा, असा नाही, मुळापासून काप." तो म्हणत होता, "हो गं बाय, तू शिकव."

कोलंबीचा रसा झाला. वर कोकमाचं आगळ घातलेलं, आईच्या हातच्यासारखं. लॉजवरून उचललेल्या पिशवीतून मी ताटं काढली नाहीत. सानिकानेच ती पिशवी उघडली, स्वतःचं नावाचं ताट हवं म्हणून. सुनंदाने सगळं पाहिलं, किती ताटं, किती पेले, आणि ते का आणलेत तेही तिला कळलं. जेवण झाल्यावर तिने ते ताट बाकीच्यांबरोबर घासलं आणि आपल्या मांडणीत उभं लावलं, नाव बाहेर ठेवून. मी दुसरं ताट पिशवीतच ठेवलं. ते बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही.

निघताना मी अनंताला जिन्यापर्यंत घेऊन गेले. विचारलं, "फोन तरी करायचास. पत्र टाकायचंस. कुणाकडून निरोप पाठवायचास."

तो निळ्या नखांकडे बघत राहिला.

"शब्द दिलेला, ताई."

चिपळूणला परत येऊन तीन आठवडे झाले. सानिकाची गोळी सुरू झाली. शाळेतून आल्यावर पेल्यातल्या पाण्याबरोबर घेते आणि जीभ काढून दाखवते. मॅडमनी सांगितलंय, तिला थोडं थोडं सांगत जा. काल तिने विचारलं, "मामा घेतो तीच का ही?" मी म्हटलं, "तशीच." ती म्हणाली, "मग आम्ही दोघं एका टीममध्ये." मी कुठल्या टीममध्ये ते तिने सांगितलं नाही. दुकान बंद केल्यावर मी हल्ली बराच वेळ आतच बसते.

कार्डावर आठ वर्षं एक-एक लिहिणाऱ्यांनी उत्तर द्यावं, ते मी मागणारच आहे. चार डॉक्टरांनाही सोडणार नाही. माझं उत्तर सानिका मोठी झाली की मला तिच्यापुढे उभं राहून द्यायचंय, तेही मला माहीत आहे.

पण अनंता, सुनंदा तुला हे वाचून दाखवेल. शब्द पाळला म्हणून सुटलास असं समजू नकोस. मी उंबऱ्यात आडवी उभी होते, कबूल. मी ओरडले, कबूल. लहानपणापासून मी ओरडतेय आणि तू माझं ऐकतोयस. पण तू माझ्याहून वीतभर उंच आहेस. आत पोर झोपली होती, तुझी पोर. मला एका हाताने बाजूला सारून आत यायला किती वेळ लागला असता तुला?

का नाही आलास? मला उत्तर पाहिजे.